खुब्याची नोंदवही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेत सांध्यांचे प्रकार शिकताना ‘उखळीचा सांधा’ हे नाव आपण सगळ्यांनीच पाठ केलेले असते. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी आणि त्या वाटीत फिरणारा मांडीच्या हाडाचा गोल. बोलीत त्याला आपण खुबा म्हणतो. उखळ काय, वाटी काय, सगळी नावे स्वयंपाकघरातली. पण माणसाचे उभे राहणे, चालणे, जिना चढणे आणि जमिनीवर बसून पुन्हा उठणे या सांध्यावाचून होत नाही. तो ठीक असेपर्यंत त्याची आठवणही कुणाला येत नाही. झिजला, आखडला किंवा आतला गोल खचला की माणसाला मांडी घालता येत नाही, पायात चप्पल सरकवायला वाकता येत नाही, रात्री कूस बदलतानाही कळ येते. चालता-बोलता माणूस घरातल्या घरात परावलंबी होतो. अशा माणसाला पुन्हा पायावर उभे करणारी खुबाबदलाची शस्त्रक्रिया आज गावोगावी ठाऊक आहे. ती इथवर कशी पोहोचली, याची हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही.

आम्ही एकलहऱ्याची माणसे. औष्णिक वीजकेंद्रामुळे ‘बेअरिंग’ हा शब्द इथल्या घराघरांत रुळलेला. टर्बाइनचा अवजड दांडा मिनिटाला ३,००० फेरे घेतो आणि त्याचा भार बेअरिंगांवर असतो. आत मऊ मिश्रधातूचे अस्तर आणि त्यावर तेलाचा पातळ थर, एवढ्यावर तो दांडा फिरत राहतो. खुब्याची रचनाही काहीशी अशीच आहे. दोन्ही हाडांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर आणि मध्ये वंगणाचे काम करणारा द्रव. फरक आहे तो पुढे. वीजकेंद्रात बेअरिंगचे तापमान किती, थरथर किती, हे प्रत्येक पाळीत लिहून ठेवले जाते. माणसाच्या शरीरात बसवलेल्या बेअरिंगची अशी वही कोण ठेवतो? कृत्रिम खुब्याचा इतिहास चाळताना हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

आरंभ झाला तो सांधा बदलण्यापासून नव्हे, हाड कापण्यापासून. १८२६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात जॉन ऱ्ही बार्टन यांनी एका खलाशाच्या आखडून गेलेल्या खुब्याजवळचे हाड कापले आणि ते पुन्हा सांधू न देता तिथे हालचाल होत राहील असे पाहिले. भुलीचे औषध यायला अजून वीस वर्षे अवकाश होता, त्यामुळे सगळे काम सात मिनिटांत उरकले गेले. पुढे सर्जनांनी दोन हाडांच्या मध्ये काहीतरी घालून पाहिले. स्नायूवरचे आवरण घातले, डुकराच्या मूत्राशयाचा पडदाही घातला. घासणे थांबावे एवढाच हेतू.

हाडाच्या जागी दुसरा पदार्थ बसवण्याचे धाडस १८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी केले. त्यांनी हस्तिदंताचे सांधे घडवले. कल्पना काळाच्या पुढची होती, पण रुग्ण क्षयाने सांधे सडलेले, आणि जंतुसंसर्गापुढे त्या काळी उपाय नव्हता. ते सांधे टिकले नाहीत. गंमत अशी की हस्तिदंताचा हा प्रयोग पुढे आपल्या शेजारच्या देशात यशस्वी झाला. ब्रह्मदेशात मंडालेचे डॉ. सान बाव यांनी १९६० साली ८३ वर्षांच्या एका बौद्ध भिक्षुणीच्या मोडलेल्या खुब्यात हस्तिदंताचा गोल बसवला आणि पुढच्या वीस वर्षांत अशा तीनशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. १९६९ साली लंडनला जाऊन त्यांनी आपल्या रुग्णांचा हिशेब तिथल्या सर्जनांपुढे मांडला. परदेशी धातूचा सांधा परवडत नाही म्हणून हात जोडून बसण्यापेक्षा हाताशी असलेले साहित्य घेऊन त्यांनी वाट काढली, आणि मुख्य म्हणजे काय झाले ते मोजून ठेवले.

पाश्चात्त्य देशांत मधल्या काळात काच आली, पोलाद आले, प्लॅस्टिक आले. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांना एका रुग्णाच्या पाठीत रुतलेला काचेचा तुकडा मिळाला. त्याभोवती शरीराने गुळगुळीत अस्तर तयार केले होते. त्यावरून त्यांनी १९२३ साली खुब्याच्या गोलावर काचेची टोपी चढवून पाहिली. काच फुटली. १९३८ मध्ये त्यांना कोबाल्ट आणि क्रोमियमची मिश्रधातू सापडली आणि टोपी टिकू लागली. त्याच साली लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी गोल आणि वाटी दोन्ही पोलादाची बसवली. १९४६ मध्ये पॅरिसच्या जुडे बंधूंनी ॲक्रिलिकचा गोल आणला. तो झिजायचा, आणि कधीकधी कुरकुरायचाही. असा गोल बसवलेला एक माणूस जेवणाच्या टेबलावर पुढे वाकला की त्याचा खुबा इतका वाजे, की त्याची बायको त्याच्यासोबत बसणे टाळू लागली.

ही तक्रार ज्या सर्जनच्या कानी आली ते जॉन चार्न्ली. १९११ साली लँकेशायरमधल्या बरी गावी जन्मलेला हा माणूस यंत्रांच्या प्रदेशातला. कुरकुर ऐकून इतरांनी हसून सोडून दिले असते, चार्न्लींनी घर्षण मोजायला घेतले. त्यांच्या ध्यानात आले की निसर्गाचा सांधा बर्फावरच्या बर्फापेक्षाही कमी घासतो, आणि माणसाने केलेल्या सांध्यात ते वंगण चालणार नाही. मग पदार्थच मुळात निसरडा हवा. विगनजवळच्या राइटिंग्टन इथल्या क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात त्यांनी ठाण मांडले. सुमारे बावीस मिलिमीटरचा लहानसा पोलादी गोल, टेफ्लॉनची वाटी आणि दोन्ही हाडात पक्के बसवायला दंतवैद्यकातून आलेले ॲक्रिलिकचे सिमेंट, अशी जुळणी झाली. रुग्ण उठून चालू लागले. वेदना थांबल्या. कौतुकाचा वर्षाव झाला.

आणि दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजले. झिजलेल्या कणांनी भोवतालचे मांस आणि हाड खाल्ले. असे सुमारे तीनशे रुग्ण होते. चार्न्लींनी त्यांच्याकडे पाठ फिरवली नाही. कुणाला काय बसवले याची नोंद त्यांच्याकडे होती, म्हणून ते त्यांना पुन्हा बोलावू शकले, पुन्हा शस्त्रक्रिया करू शकले. टेफ्लॉनची भुकटी शरीरात काय करते हे पाहण्यासाठी त्यांनी ती स्वतःच्या मांडीत टोचून घेतली.

१९६२ साली लँकेशायरच्या मागांना लागणाऱ्या दात्यांच्या चाकांसाठी वापरले जाणारे एक प्लॅस्टिक घेऊन एक विक्रेता राइटिंग्टनला आला. ते होते पॉलिथिलीनचे एक घट्ट, चिवट रूप. चार्न्लींना ते पसंत पडले नाही, पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी ते झिजवण्याच्या यंत्रावर चढवलेच. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे, तितके हे तीन आठवड्यांतही झिजले नाही. हातमागाच्या येवल्याच्या आणि यंत्रमागाच्या मालेगावच्या वाचकांना सांगायला हवे, की आजच्या खुबाबदलाचे मूळ एका कापडगिरणीच्या मुलखातल्या सुट्या भागात आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये नवी वाटी पहिल्यांदा बसवली गेली. पण या वेळी चार्न्लींनी घाई केली नाही. कित्येक वर्षे ते आपल्या रुग्णांना तपासत राहिले. राइटिंग्टनला येऊन शिकल्याशिवाय सर्जनला ही साधने विकायची नाहीत असा दंडक घातला. मृत्यूनंतर आपला सांधा तपासणीसाठी द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करीत, आणि पुष्कळांनी ती मानली. १९८२ साली चार्न्ली गेले. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या शस्त्रक्रियेला शतकाची शस्त्रक्रिया म्हटले.

आपल्याकडे या शस्त्रक्रियेच्या आरंभकाळाशी मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया यांचे नाव जोडलेले आहे. सामान्य माणसाच्या तोंडी सांधेबदल हा शब्द आला तो मात्र २००० आणि २००१ साली, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले गेले तेव्हा. ते करणारे डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. गुडघ्याच्या बातमीमागून खुब्याचीही चर्चा होऊ लागली.

पण आपला खुबा आणि त्यांचा खुबा यांत अंतर आहे. युरोपात बहुतेक करून उतारवयात कूर्चा झिजली म्हणून खुबा बदलतात. आपल्याकडे तरुणांची संख्या मोठी आहे. कुणाच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. स्टेरॉइड, दारू, सिकलसेल अशी त्याची कारणे. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कोविडमधून बरे झालेल्या तरुण रुग्णांत हा विकार आढळल्याची नोंद केली. कुणाचा खुबा संधिवाताने गोठलेला असतो. पस्तिशीत बसवलेला सांधा सत्तरीपर्यंत न्यायचा, तर त्याची कसोटी वेगळीच.

दुसरे अंतर बसण्याचे. चार्न्लींचे रुग्ण खुर्चीवर बसणारे. आपण पाटावर जेवतो, उकिडवे बसून भांडी घासतो, शेतात निंदणी करतो. नव्या खुब्याने फार खाली बसू नका, मांडी घालू नका, असे डॉक्टर बजावतात, कारण गोल वाटीतून निसटण्याची भीती असते. सांध्यांच्या दुखण्याने आता मशिदीत भिंतीकडेला खुर्च्या लागलेल्या दिसतात आणि सत्यनारायणाच्या पूजेलाही यजमानांसाठी खुर्ची मांडली जाते. धर्मात त्याला मुभा आहे. तरीही ज्याने आयुष्यभर सजद्यात कपाळ जमिनीला टेकवले, त्याच्यासाठी खुर्ची ही साधी गोष्ट नसते. जमिनीवर बसणाऱ्या माणसाचा सांधा किती वर्षे टिकतो, हे परदेशातल्या वहीत सापडणार नाही. ते आपल्यालाच लिहावे लागेल.

वही नसली की काय होते, तेही आपण भोगले आहे. ‘डीप्यू’ या कंपनीने धातूच्या वाटीत धातूचाच गोल असलेला ‘एएसआर’ नावाचा खुबा विकला. तो घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते. स्वीडनने १९७९ पासून प्रत्येक कृत्रिम खुब्याची राष्ट्रीय नोंद ठेवायला सुरुवात केली होती. ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये तशीच वही उघडली. त्या ऑस्ट्रेलियाच्या वहीत दिसू लागले, की हे खुबे फार लवकर पुन्हा बदलावे लागत आहेत. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून ते मागे घेतले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांकडे तक्रार केली. केंद्राने २०१७ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसवले गेले होते, आणि त्यांतल्या सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागेना, असे २०१८ मध्ये उघड झाले. भरपाईचे सूत्र ठरले, पण ती द्यायची कुणाला? दुखणाऱ्या खुब्यासह ती माणसे आपल्याच गावांत, आपल्याच गल्ल्यांत असणार. आपल्या शरीरात कोणता सांधा आहे, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकही नसेल.

भारतात सांधेबदल करणाऱ्या सर्जनांच्या संघटनेने २००६ मध्ये नोंदवही सुरू केली, पण तीत माहिती भरणे सर्जनच्या इच्छेवर राहिले. २०१५ मध्ये केंद्राने वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारी योजना आणली. ही पावले योग्य दिशेची आहेत. पण प्रत्येक खुब्याची नोंद सक्तीची झाल्याशिवाय हे काम पुरे झाले असे म्हणता येणार नाही.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. सांध्याच्या प्रत्येक भागासोबत एक चिकटपट्टी येते. तीवर कंपनीचे नाव, सांध्याचा प्रकार, माप आणि उत्पादनाचा क्रमांक छापलेला असतो. रुग्णालयाच्या कागदपत्रांत ती चिकटवतात. ज्यांच्या घरी कुणाचा खुबा किंवा गुडघा बदलला असेल, त्यांनी त्या पानाची प्रत मागून घ्यावी आणि शिधापत्रिका, घराची कागदपत्रे जिथे असतात तिथे ती ठेवावी. मुलांना ती कुठे आहे ते सांगून ठेवावे. वर्षा-दोन वर्षांनी तपासणीला जाताना ती सोबत न्यावी. उद्या एखादा सांधा परत मागवला गेला, तर त्या कागदावरूनच कळेल की तो आपल्या माणसाच्या शरीरात आहे की नाही.