पाहुण्या नावांचा पोशाख

जपानी लिपीतील एका सोयीचा मला फार दिवसांपासून मोह पडला आहे. जपानी माणूस एकाच ओळीत तीन तऱ्हेची अक्षरे लिहितो. चिनी चित्राक्षरे, घरगुती वळणाची ‘हिरागाना’ आणि परक्या शब्दांसाठी ‘काताकाना’. सातासमुद्रापलीकडच्या माणसाचे नाव आले की ते काताकानात लिहायचे आणि नाव व आडनाव यांच्यामध्ये एक ठिपका द्यायचा, असा तिकडचा रिवाज. नुसती नजर टाकली तरी कळावे की या ओळीत कोणी पाहुणा येऊन बसला आहे. चिनी माणसांची नावे तेवढी याला अपवाद. त्यांची अक्षरेच मुळी जपान्यांनी उसनी घेतलेली!

पोशाख वेगळा दिला तरी जीभ मात्र जपानीच राहते. तिला ‘ल’ आणि ‘र’ यांतला भेद ठाऊक नाही, आणि एक अनुनासिक सोडले तर शब्दाच्या शेवटी उघडे व्यंजन सोसत नाही. स्मिथसाहेब तेथे ‘सुमिसु’ होतात. आमचे अलिबाग गेले तर ‘आरीबागु’ होईल. वाचकहो, हसू नका. ज्या क्रमाने जपानी मुले ही अक्षरे घोकतात तो क्रम आपल्याच वर्णमालेचा आहे. आधी अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून तो तिकडे रुजला.

ही काताकानाची चालही एकदम पडलेली नाही. १६०० साली विल्यम ॲडम्स नावाचा इंग्रज तांडेल जपानला पोहोचला. त्याला मिउरा येथे जहागीर मिळाली, आणि तो ‘मिउरा आन्जिन’ म्हणून ओळखला जाऊ लागला. आन्जिन म्हणजे जहाजाची वाट दाखविणारा. पुढे १७०८ मध्ये सिदोत्ती नावाचा इटालियन पाद्री जपानी किनाऱ्यावर उतरताच पकडला गेला. आराई हाकुसेकी या पंडिताने त्याची जबानी घेऊन ग्रंथ लिहिला आणि त्यात परकी नावे काताकानात घातली. आडनावाच्या जागी गाव आणि नावाच्या जागी धंदा असा तो पहिला प्रकार वाचताना कोकणी माणसाला आपल्याच वाडीत आल्यासारखे वाटते.

आमच्या मराठीने पाहुण्यांसाठी वेगळा अंगरखा कधी शिवलाच नाही. मोडीत तर आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे लटकवीत जायचे. शब्द तोडणे नाही, ठिपका नाही, इकार-उकारांना ऱ्हस्व-दीर्घ नाही. त्या सलग ओळीत फिरंगी काय नि फडणीस काय, सगळे एकाच पंगतीला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची नावे येतात ती ‘वलंदेज’ आणि ‘डिंगमार’ अशी. हे अनुक्रमे डच आणि डेन्मार्कचे लोक. ‘वलंदेज’ आणि ‘इंग्रज’ ही नावे आपण त्या त्या लोकांच्या तोंडून घेतली नाहीत, ती पोर्तुगीजांच्या तोंडून घेतली. चौल-रेवदंड्याला आधी ठाण मांडून बसले ते पोर्तुगीज. फ्रेंच सरदारांच्या नावामागचे ‘मस्य’ आमच्या कानाला ‘मुसा’ असे ऐकू आले, म्हणून बुसीचा ‘मुसा बुसी’ झाला. हैदराबादेत रेमाँ नावाच्या सेनापतीची तर कमाल झाली. हिंदूंनी त्याला ‘मुसा राम’ केले, मुसलमानांनी ‘मुसा रहीम’!

इतिहासाच्या अभ्यासकाला ही पंगत डोकेदुखीची वाटते, आणि त्यात त्याची चूक नाही. नाव कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे ठरविण्यातच त्याची संध्याकाळ जाते. पण समोरच्या बाजूनेही तेच चालले होते. इंग्रजांच्या कागदांत शिवाजी महाराज ‘सेवाजी’ झाले, आंग्रे ‘आंग्रिया’ झाले आणि खांदेरी-उंदेरी ही जोडी ‘हेनरी-केनरी’ होऊन बसली. चौलाला टॉलेमीने ‘सिमुल्ला’ म्हटले, अरबांनी ‘सैमूर’ आणि पंधराव्या शतकात येथे उतरलेल्या अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याने ‘चिविल’. बिचारे चौल सर्वांना ओ देत राहिले.

पण बखरी आणि दप्तरे यांपेक्षा माझे मन रमते ते बेने इस्रायलांच्या नावांत. अलिबागेच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. ते घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेले. ज्या गावात घर केले त्या गावाला ‘कर’ लावून आडनाव घेतले. किहीमकर, नवगावकर, झिराडकर, रोहेकर, पेणकर. नावांनाही तोच संस्कार झाला. अब्राहमचा अबाजी, इसहाकचा इसाजी, मोशेचा मुसाजी. यहेज्केल हे नाव मराठी जिभेला अवजड. तिने पुढचा ‘य’ गाळला, मागचे जोडाक्षर फोडले, ‘जी’ जोडला आणि ‘हसाजी’ करून टाकला. कंपनीच्या फौजेतील समाजी हसाजी दिवेकर हे म्हणजे सॅम्युएल एझेकिएल. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. नुसते नाव वाचून कोणी त्यांना एखाद्या मराठा शिलेदाराचे वंशज समजेल.

या रूपांतरात काही हरवलेही. ‘हसाजी’ म्हणताना तो कोणा प्रेषिताच्या नावाचा आहे, हे शेजाऱ्यांना कळत नव्हते. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, आणि शास्त्रग्रंथांतली नावे पुन्हा कानी पडू लागली. मग समाजींच्या घरी सॅम्युएल जन्मला, तोही इंग्रजी उच्चाराचा. आडनावाला मात्र कोणी हात लावला नाही. आमच्या हजेरीबुकात दर वर्षी अर्धा वर्ग ‘कर’ असतो, तेव्हा त्या न बदलण्याचे मला आश्चर्य वाटत नाही. गाव सोडून माणूस कोठे जाणार?

पण गेले. १९४८ नंतर बरीचशी कुटुंबे इस्रायलला गेली. अलिबागेत इस्रायल आळी आहे, तेथील प्रार्थनामंदिर आहे. घरे मोजकी उरली आहेत. तिकडे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. आता पेणकरांचे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले जाते. रोजच्या हिब्रूत स्वरांच्या खुणा देत नाहीत, म्हणून प, न, क, र एवढीच चार अक्षरे उजवीकडून डावीकडे मांडली जातात. ओळखीचा नसलेला कारकून त्यांचे ‘पनकर’ वाचील, ‘पिनकर’ही वाचील. मधला एकार घरातल्या वडीलधाऱ्यांनी तोंडाने सांगावा लागतो.