खुंट्याशी बसलेल्या गायिका

कऱ्हाकाठच्या बारामती कसब्याचा उल्लेख मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आला की मोरोपंतांचे स्मरण ओघानेच होते, आणि ते यथायोग्यही आहे. 1729 साली पन्हाळ्यास जन्मलेला हा पंडित कवी, पेशव्यांचे आप्त आणि सावकार बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाने बारामतीस स्थिरावला, 1794 मध्ये तेथेच निवर्तला, आणि मधल्या काळात आर्यावृत्तावर त्याने असे स्वामित्व संपादन केले की पुढील कित्येक पिढ्यांच्या कीर्तनकारांस त्याच्या आर्यांवाचून कीर्तन सजविताच येईना. याच कसब्यातून इंदापूरच्या वाटेने दोन-तीन कोस गेले की काटेवाडी लागते. पंतांची लेखणी नाईकांच्या छत्राखाली चालत होती त्या काळी काटेवाडी आणि तिच्या भोवतालच्या खेड्यांतील घराघरांत, तांबडे फुटण्याच्या आधी, दुसरी एक छंदोबद्ध रचना चालू असे; तिला आश्रयदाता नव्हता, श्रोतृवृंद नव्हता, लेखक नव्हता, आणि म्हणूनच कोणत्याही दफ्तरात तिची नोंद झाली नाही. पंतांच्या थोरवीस यामुळे यत्किंचितही बाध येत नाही. परंतु या परगण्याचा काव्येतिहास लिहावयाचा तर त्याची दोन प्रकरणे करावी लागतील, आणि दुसरे प्रकरण जात्यावर बसलेल्या बायकांचे असेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

जात्यावरच्या ओवीचे वय लहान नाही. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा निर्देश आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांनी 1290 साली ज्या छंदाला गीतेच्या भाष्याचे वाहन केले तो छंद त्यापूर्वी दीडशे वर्षे तरी उखळा-जात्याशी नांदत होता. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई हिच्या जात्याला प्रत्यक्ष विठ्ठलाने हात लावल्याची कथा वारकरी संप्रदायाने शिरोधार्य मानली, आणि पंढरपूरनजीक गोपाळपुरास तिचे जाते आजही दाखविले जाते. माझ्या मते त्या कथेत भक्तीइतकाच श्रमाचाही गौरव आहे.

गावगाड्यात संगीताचे हक्क वाटलेले होते. देवळात वाद्य वाजविणाऱ्या गुरवाला बलुते होते, लग्नकार्यात सनई-डफडे वाजविणाऱ्या होलारांचे मान ठरलेले होते, मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांची ढोलाच्या साथीने होणारी ओवी सुंबरान मांडून देवापुढे जागरणात उभी राही, आणि हरिदासाला बिदागी मिळे. या सर्वांची कला चव्हाट्यावरची होती. घरातल्या गायिकेस मात्र बलुते नाही, बिदागी नाही, सनद नाही आणि गुरूही नाही. तिची आई हाच तिचा संप्रदाय, आणि सासरी आल्यावर सासू अथवा जाऊ जी समोर बसेल ती तिची साथीदार. या अभावांतून तिला जे स्वातंत्र्य लाभले ते दरबारी कवीला मिळणे दुष्कर होते, कारण तिच्या रचनेत कोणाची मर्जी सांभाळण्याचे कारणच नव्हते.

आता त्या वाद्याकडे, कारण मी जात्यास वाद्यच समजतो, जरा जवळून पाहू. खाली तळी, तिच्या मधोमध खुंटी, वर फिरणारी पाळ, पाळीच्या कडेला लाकडी खुंटा आणि मध्ये दाणे घालावयाचे तोंड, एवढाच त्याचा पसारा. उजवा हात खुंट्यावर, डावा हात सुपातल्या धान्यात. मूठभर दाण्यांची वैरण तोंडात पडली की पाळ जड होते, घरघर खोल जाते, आणि दाणे सरत आले की दगडावर दगड घासून स्वर मोकळा, किंचित कर्कश होऊ लागतो. या उतारचढावावर ओवीचा दम बेतलेला असतो. एक जण चरण उचलते, समोरची तो झेलून पुन्हा म्हणते, आणि तेवढ्या उसंतीत पहिलीच्या मनात पुढला चरण जुळून येतो. चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. गळा एकच धरला तरी ओव्या बदलत राहतात, आणि चरण अपुरा पडला तर संबोधनाचे दोन-चार शब्द घालून तो खुंट्याच्या फेऱ्याशी जुळवून घेतला जातो. दगड गुळगुळीत झाला की पीठ भरड पडते. मग पाथरवट टाकी लावून जातो, आणि टाकी लावलेल्या जात्याचा आवाज काही दिवस निराळाच लागतो. तंबोऱ्याच्या जवारीची निगा राखणाऱ्या गवयास हे सांगितले तर तो यात आपल्याच घरची रीत ओळखील.

पहिली ओवी देवाला वाहावी, पुढे माहेराकडे वळावे, भावाची वाट पाहावी, लेकीला सासरची रीत शिकवावी, असा सामान्य क्रम असे. परंतु त्या क्रमाच्या आडून जे बोलले जाई ते उंबऱ्याबाहेर बोलण्याची सोय नव्हती. रामकथा पुराणिकाच्या मुखातून घरात आली ती जात्यावर येताच सीतेची कथा झाली, आणि तिच्या वनवासाचा जाब रामाला विचारला गेला. पंढरीची वाट काटेवाडीच्या अंगणातूनच जाते, त्यामुळे विठ्ठल-रुक्मिणी येथे देवघरातली दैवते न राहता शेजारची माणसे झाली. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली सुरू केलेला देहूचा पालखी सोहळा बारामतीहून सणसरकडे जाताना काटेवाडीस थांबतो. परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धावते. वर्षातून एकदा टाळ-मृदंगांसह दारावरून जाणारे ते गाणे आणि रोज पहाटे दारामागे चालणारे हे गाणे, यांची देवाणघेवाण शतकानुशतके होत आली आहे. जिला वारीस जाता आले नाही तिने जात्यावर बसूनच पंढरी गाठली, असे शेकडो ओव्यांतून दिसते.

हा सारा मुलूख मूळचा अवर्षणाचा. ज्वारी-बाजरी हेच त्याचे धान्य. 1876-77 च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने नीरेचा डावा कालवा काढला, 1885 च्या सुमारास त्याचे पाणी वाहू लागले, आणि उसाच्या आगमनाने या जिराईत गावांचे रूप क्रमाक्रमाने पालटले. गुऱ्हाळे आली, पुढे साखर कारखाने आले, रोकड पैसा हाती खेळू लागला, आणि इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी प्रथम कसब्यात व मग वाडीवस्तीपर्यंत पोहोचली. गिरणीने हे गाणे मारले, अशी हळहळ पुष्कळ लेखक करतात. ती मला अर्धवट वाटते. कुटुंबाच्या भाकरीपुरते पीठ काढण्यासाठी रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी उठून खांदे भरून येईतो दगड ओढणे, आणि पोटुशी असतानाही त्यातून सुटका नसणे, हे भोग ज्यांनी भोगले त्यांनी डोक्यावर दळणाचा डबा घेऊन गिरणीची वाट धरली यात शोक करण्याजोगे काही नाही. शोक करावयाचा तो याचा, की श्रम गेले तेव्हा त्यांच्याबरोबर गाण्याची हक्काची वेळही गेली, आणि त्या बाईला स्वतःची म्हणून दुसरी वेळ कोणी दिली नाही. हळदीच्या दिवशी जात्याला हळकुंड-सुपारी बांधून चार ओव्या म्हटल्या जातात तेवढाच काय तो अवशेष.

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये या ओव्या आदराने संग्रहित केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडामागून खंड सिद्ध केले, त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि पुण्यास हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जो संग्रह उभारला त्याची पद्धत मला विशेष मोलाची वाटते. लाखाच्या वर ओव्या, हजारावर खेडी आणि तीन हजारांहून अधिक गायिका, असा त्याचा विस्तार. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल या संगीताभ्यासकाच्या साह्याने त्यांचे ध्वनिमुद्रणही झाले, त्यामुळे शब्दांबरोबर गळाही टिकला. या संग्रहात ओवी निनावी ‘लोकगीत’ म्हणून पडून राहत नाही. जिने ती गायिली तिचे नाव, गाव आणि तालुका ओवीसोबत नोंदलेले असतात. कुलकर्ण्याच्या दफ्तराने जे कधी केले नाही ते येथे घडले. काटेवाडी, कण्हेरी, सणसर या पट्ट्यात खुंटा धरलेल्या वृद्धा अद्याप हयात आहेत तोवर गावच्याच शिकलेल्या मुलींनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, आणि ओवी लिहून घेताना ती कोणाकडून आली, कोणत्या गळ्यावर म्हटली आणि समोर कोण बसत असे, हेही लिहून घ्यावे.