हंगामी कारखाने, हंगामी श्वास

खानदेशातला कापूस रेल्वेने मुंबईला जाऊ लागला आणि जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. सरकी वेगळी करताना उडणारी कापसाची धूळ तेव्हापासून इथल्या मजुरांच्या छातीत जात राहिली. तरीही श्वासाचे उपचार करणारा प्रशिक्षित माणूस या मुलखात इतक्या उशिरा का पोहोचला? गरिबी हे उत्तर मला अपुरे वाटते. कायद्याने ज्याला ओळखले नाही त्याचे दुखणे कागदावर आले नाही, आणि ते दुखणे सांभाळणाऱ्याचे पदही निघाले नाही. 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात कारखाना म्हणजे यंत्रशक्तीवर चालणारी, किमान 100 माणसे कामाला असलेली आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालणारी जागा. कापसाच्या हंगामापुरते चालणारे जिनिंग कारखाने या व्याख्येतून अलगद सुटले. मुंबई इलाख्याच्या 1885 च्या फॅक्टरी कमिशनसमोर खानदेशातल्या कारखान्यांत दिवसरात्र काम चालत असल्याची साक्ष झाली. हंगामी कारखान्यांची ही सवलत मात्र 1911 च्या कायद्यापर्यंत टिकली.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस हा रोग प्रामुख्याने सूतगिरणीच्या पिंजण खात्यातला. जिनिंगमध्ये त्याचे प्रमाण कमी. हे खरेच आहे. पण सूतगिरण्याही इथे होत्याच: जळगावात खानदेश मिल, अमळनेरात प्रताप मिल. कामगार भरपाईच्या कायद्यात बिसिनोसिस आज नोंदलेला आहे, परंतु भरपाई मागायची तर आधी कुणीतरी फुप्फुसाची क्षमता मोजावी लागते. ते मोजणारे हात कुठून आणायचे?

दुसरा आक्षेप अधिक जोरकस आहे. 1998 पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग असलेल्या नंदुरबारने 2020-21 मध्ये ऑक्सिजनचे प्लांट वेळीच उभारले आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत टंचाई टाळली. म्हणजे यंत्र पुरे, असे कुणी म्हणेल. त्या कामामागचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, आणि वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईला गेले होते. त्यांचे काम मोठेच आहे. मात्र नळीतून ऑक्सिजन येणे वेगळे आणि तो कोणत्या रुग्णाला, कोणत्या मास्कमधून, किती द्यायचा हे क्षणोक्षणी पाहणे वेगळे. 1952 च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनमध्ये सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रबरी पिशवी हाताने दाबत रुग्णांना श्वास दिला. अतिदक्षता विभागाचा उगम तिथला मानतात, आणि तिथे सगळी मदार माणसाच्या हातावर होती. डॉक्टर-परिचारिका हे करतातच, असेही म्हटले जाते. करतात, पण एका पाळीत त्यांना किती खाटांजवळ उभे राहता येते?

भारताने श्वसन तंत्रज्ञाला आपल्या कायद्यात जागा दिली ती 2021 मध्ये, संलग्न आरोग्य व्यवसायांच्या आयोगाच्या कायद्याने. दक्षिणेत, विशेषतः मणिपालला, हे शिक्षण त्याआधीच मिळत होते. त्यासाठी खानदेशच्या मुलाला घर सोडणे भाग होते. पुढे तो अमेरिकेत गेला, तर तिथे मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची किमान असोसिएट पदवी आणि राष्ट्रीय परीक्षा, म्हणजे बहुधा पुन्हा विद्यार्थी होणे. त्याच्या जाण्याला पैशाचा मोह म्हणणे मला अन्यायाचे वाटते. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2018 पासून आहे, धुळ्याचे त्याहून जुने. तिथल्या आकृतिबंधात श्वसन तंत्रज्ञाची पुरेशी, कायम पदे आधी हवीत. शिकलेला मुलगा परत येईल की नाही, हे त्यानंतरच विचारता येईल.