डबल, ब्रिजमधील
ब्रिज या पत्त्यांच्या खेळात प्रतिपक्षाच्या बोलीवर करावयाची घोषणा. प्रतिपक्षाचा करार बुडणार असा विश्वास आणि त्याबद्दल वाढीव दंड, एवढाच तिचा मूळ अर्थ होता. ऑक्शन ब्रिजच्या काळात, १९१२-१३ च्या सुमारास, अमेरिकेतील मेजर चार्ल्स पॅटन व ब्रायंट मॅक्कॅम्बेल यांनी तो उलटवला. ‘एक बदाम’ या बोलीवरील डबल दंडासाठी नसून, आपले पत्ते चांगले आहेत, भिडूने आपला उत्तम रंग बोलावा, असा निरोप ठरला. शब्द एक व अर्थ परस्परविरोधी, अशी ही स्थिती होती. भिडू चुकून ‘पास’ म्हणाला, तर सोपा करार दुप्पट गुणांनिशी प्रतिपक्षाच्या पदरात पडे. आवाजाच्या चढउताराने अर्थ सुचविण्याचा मोह पुष्कळांना होई. नियमांनुसार तो लबाडीच होय. थिओडोर लाइटनर यांनी स्लॅमवरील डबलला अनपेक्षित उतारीची मागणी हा अर्थ दिला. भिडूने एक रंग बोलल्यावर प्रतिपक्ष मध्ये पडला, तर डबल हा न बोललेल्या रंगांचा निदर्शक मानावा, ही ॲल्विन रॉथ यांची १९५७ मधील योजना. त्याच वर्षी सोडलेल्या रशियन उपग्रहावरून तिला ‘स्पुटनिक’ म्हणू लागले. ही योजना पाळणाऱ्यास खालच्या पातळीवर दंड हवा असल्यास तो पास म्हणतो आणि भिडूच्या डबलची वाट पाहतो.