एक भागिले २७७

डॉली मेंढीचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. स्कॉटलंडमधल्या एडिंबराजवळच्या रॉस्लिन इन्स्टिट्यूटमध्ये ती ५ जुलै १९९६ रोजी जन्मली. इअन विल्मुट, कीथ कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध फेब्रुवारी १९९७ मध्ये आला आणि 'आता माणसाचीही कॉपी निघणार का?' अशी चर्चा जगभर सुरू झाली. मला मात्र त्या निबंधातला एक आकडा डॉलीच्या नावाहून महत्त्वाचा वाटतो : २७७.

हे घडलं कसं, ते आधी पाहू. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सगळा डीएनए असतो. पण कातडीची पेशी त्यातला आपल्या कामापुरता भाग वापरते. बाकीचा कोड असतो, पण बंद. तो पुन्हा पहिल्या ओळीपासून चालवता येईल का? जॉन गर्डन यांनी बेडूकमाशाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक बेडकाच्या अंड्यात घालून त्यातून नवे बेडूकमासे मिळवले, ते १९६२ मध्ये छापूनही आलं. सस्तन प्राण्याच्या प्रौढ पेशीबाबत मात्र हे जमत नव्हतं.

रॉस्लिनमध्ये सहा वर्षांच्या एका पांढऱ्या मेंढीच्या कासेतल्या पेशी घेतल्या. काळ्या तोंडाच्या मेंढ्यांची अंडी घेऊन त्यांतला केंद्रकातला डीएनए काढून टाकला. मग विजेच्या झटक्याने पेशी आणि अंडं एक केलं. असं २७७ वेळा. त्यातून गर्भाशयात सोडण्याजोगे २९ भ्रूण निघाले. ते १३ मेंढ्यांमध्ये सोडले. कोकरू जन्मलं एक. काळ्या तोंडाच्या आईच्या पोटी पांढऱ्या तोंडाचं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. 'क्लोन' ही आमची रोजची कमांड. मध्येच नेट गेलं, तर अर्धवट फोल्डर उडवायचं आणि पुन्हा एंटर मारायचं. त्या फोल्डरचं काही दुखत नाही. सजीवांच्या बाबतीत प्रत्येक प्रयत्नाला कुणाचं तरी अंडं आणि कुणाचं तरी गर्भाशय लागतं. बातमीत अंश येतो, छेद शोधनिबंधात राहतो.

याचा अर्थ हे सगळे खेळ होते, असं नाही. रॉस्लिनला मेंढीच्या दुधातून औषधं हवी होती. १९९७ मध्ये जन्मलेल्या पॉलीमध्ये मानवी जनुक होतं, हिमोफिलियाच्या काही रुग्णांना लागणारं प्रथिन तिच्या दुधात उतरावं म्हणून. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने २००९ मध्ये म्हशीचं क्लोन केलं. उत्तम दुधाचा वंश लवकर वाढावा, हा हेतू. पहिलं रेडकू समरूपा, काही दिवसांतच गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये जन्मलेली गरिमा दोन वर्षं जगली.

खरा पेच दक्षिण कोरियात दिसला. ह्वांग वू-सुक यांनी २००५ मध्ये स्नपी हा पहिला क्लोन कुत्रा दाखवला. १,०९५ भ्रूण, १२३ कुत्र्या. पिल्लं दोन, त्यातलं एक तीन आठवड्यांनी दगावलं. तरी स्नपी खरा निघाला. मानवी भ्रूणाचं क्लोनिंग करून मूलपेशी मिळवल्याचा त्यांचा दावा मात्र खोटा ठरला. सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या चौकशीने ते जानेवारी २००६ मध्ये जाहीर केलं. बहुतेकांना तो खोटेपणा आठवतो. मला जास्त अस्वस्थ करते ती अंड्यांची गोष्ट. ती मिळवण्यासाठी बाईला हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागतात, मग सुईने अंडी काढतात. काही स्त्रियांना पैसे दिले होते. दोघी तर ह्वांग यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक होत्या. ज्याच्या सहीवर आपलं करिअर अवलंबून आहे, त्याला 'नाही' कसं म्हणायचं? तिची संमती कागदावर असेल. तिला मोकळीक किती होती, हे कागद सांगत नाही.

त्याच वर्षी, २००६ मध्ये, जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या प्रौढ पेशीत चार जनुकं घालून तिला मूलपेशीसारखं बनवलं. पुढच्या वर्षी माणसाच्या पेशीवरही ते जमलं. अंडं नको, गर्भाशय नको. २०१२ चं नोबेल यामानाका आणि गर्डन यांना मिळून मिळालं. म्हणजे उपचारांसाठी निदान एक वाट अशी निघाली, जिच्यात कुणा बाईकडे अंडी मागावी लागत नाहीत.

माणसाचं मूल क्लोन करण्याला माझा विरोध याच हिशेबातून येतो. 'निसर्गाविरुद्ध' वगैरे मोठ्या शब्दांची मला गरज वाटत नाही. त्या भागाकारात खाली आया असतील, आणि जन्मून दगावलेली बाळं असतील. हा आकडा कितीपर्यंत खाली आला की चालेल, हे ठरवायचा हक्क त्यांच्या वतीने कुणालाच नाही.

पाळीव प्राण्यांचं क्लोनिंग मात्र आज पैसे देऊन करून मिळतं. २००१ मध्ये टेक्ससला जन्मलेली पहिली क्लोन मांजर 'सीसी' आपल्या मूळ मांजरीसारखी दिसतही नव्हती. तिच्या अंगावर मूळ मांजरीचा नारिंगी रंग उतरलाच नाही, कारण असे रंग कुठे उमटतील हे गर्भात पेशी वाढताना ठरतं. म्हणजे गेलेलं मांजर परत येत नाहीच. नवं येतं, आणि त्या एका पिल्लासाठी सीसीच्या वेळी ८७ भ्रूण मांजरींच्या पोटात सोडावे लागले होते.