टाहो सरोवरातील कयाकिंग

टाहो सरोवर हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया व नेवाडा या राज्यांच्या सीमेवरील, सिएरा नेवाडा पर्वतराजीत समुद्रसपाटीपासून सुमारे १,८९७ मीटर उंचीवर वसलेले गोड्या पाण्याचे सरोवर आहे. उन्हाळ्यात येथे कयाक (दुहेरी पात्याच्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) व पॅडलबोर्ड (उभे राहून वल्हवायची रुंद फळी) यांतून जलविहार करणाऱ्यांची गर्दी असते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातून मोटारीने काही तासांत पोहोचता येत असल्यामुळे तेथील मराठी कुटुंबे आणि भारतातून त्यांच्याकडे आलेले पाहुणेही येथे येतात. प्रस्तुत लेखात अशा सहलीच्या पूर्वतयारीचे वर्णन आहे. ही तयारी बहुधा ऊन पाहून केली जाते. वस्तुतः ती पाण्याचे तापमान आणि दुपारचा वारा यांच्या हिशेबाने करावी लागते.

नाव आणि भौगोलिक स्वरूप

'टाहो' हे नाव येथील मूळ रहिवासी असलेल्या वॉशो लोकांच्या भाषेतील 'तलाव' या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. त्यामुळे 'टाहो सरोवर' या नावात एकाच अर्थाची द्विरुक्ती होते. मराठीतील 'टाहो फोडणे' या वाक्प्रचाराशी या नावाचा संबंध नाही.

सरोवराची लांबी सुमारे ३५ किलोमीटर, रुंदी सुमारे १९ किलोमीटर आणि कमाल खोली ५०१ मीटर आहे. पाणी अतिशय नितळ आहे. पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीपर्यंत दिसते, यावरून नितळपणा मोजतात. १९६८ मध्ये ही खोली सुमारे ३१ मीटर होती, अलीकडच्या वर्षांत ती २० मीटरच्या आसपास आढळते. मार्क ट्वेन यांनी 'रफिंग इट' (१८७२) या पुस्तकात येथील नौकाविहाराची तुलना बलूनमधील प्रवासाशी केली आहे. नवख्या माणसाला मात्र हा नितळपणा फसवतो. तळाचे दगड स्पष्ट दिसत असल्यामुळे पाणी उथळ वाटते, आणि काही ठिकाणी किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खाली जातो.

पाण्याचे तापमान

सरोवराचे पाणी मुख्यतः बर्फ वितळून येते. खोल थरांतील तापमान बाराही महिने ४ ते ५ अंश सेल्सिअस असते. पृष्ठभागाचे पाणी जुलैअखेर व ऑगस्टमध्ये १८ ते २१ अंशांपर्यंत तापते. मे महिन्यात व जूनच्या आरंभी ते बरेच अधिक थंड असते. त्या दिवसांत किनाऱ्यावर लोक सुती सदऱ्यात वावरत असतात, आणि वावभर अंतरावरच्या पाण्यात हात घातला तर बोटे बधिर होतात. शिवाय नैऋत्येचा वारा जोराने व सलग वाहिला, की वरचे उबदार पाणी पूर्वेकडे ढकलले जाते आणि पश्चिम किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर येते. म्हणून ऐन उन्हाळ्यातही कालचे तापमान आज असेलच असे नाही.

पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. साधारणतः १५ अंशांहून थंड पाण्यात अचानक पडल्यास माणूस अनैच्छिकपणे मोठा श्वास घेतो आणि त्यानंतर काही काळ त्याला धाप लागते. याला शीताघात म्हणता येईल. तो पहिला श्वास तोंड पाण्याखाली असताना घेतला गेला, तर फुप्फुसात पाणी जाते. पहिल्या मिनिटानंतर श्वास हळूहळू ताब्यात येतो. पण अतिशय थंड पाण्यात पुढच्या सुमारे १० मिनिटांत हातापायांचे बळ सरते, मग गाठ सोडणे किंवा होडीवर चढणेही जमत नाही. शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत घसरायला याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. थंड पाण्यात माणूस 'गारठून' मरतो हा समज त्यामुळे अपुरा आहे. अनेकदा तो गारठण्यापूर्वीच बुडतो, आणि पट्टीचा पोहणाराही याला अपवाद नसतो. गावच्या विहिरीत किंवा धरणाच्या पाण्यात पोहायला शिकलेल्या मराठी माणसाला थंडीच्या या परिणामाचा अनुभव नसतो. 'मला पोहता येते' हे त्याचे म्हणणे खरे असते, पण ते दुसऱ्या पाण्याविषयी असते.

वारा

उन्हाळ्यातील बहुतेक दिवशी सकाळी सरोवर आरशासारखे शांत असते. दुपारनंतर नैऋत्य-पश्चिमेकडून वारा सुटतो आणि मोकळ्या पाण्यावर लाटा उठतात. पश्चिम किनाऱ्यावरून निघणाऱ्याला हा वारा दिसतच नाही. डोंगर व झाडी यांच्या आडोशाला पाणी स्थिर असते, वारा पाठीमागून असल्याने वल्हवणे सोपे जाते, आणि परत फिरल्यावर तोच वारा समोरून येतो. यासाठी पहाटे लवकर निघून दुपारपूर्वी परतणे, किनाऱ्यालगत राहणे आणि शक्य असेल तेव्हा जाताना वाऱ्याविरुद्ध वल्हवणे, हा प्रघात आहे.

गडगडाटी वादळे हा याहून गंभीर धोका. २१ जून २०२५ रोजी डी. एल. ब्लिस राज्य उद्यानाजवळ अचानक आलेल्या वादळात १० जणांना घेऊन निघालेली मोटारबोट उलटली आणि ८ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी सुमारे अडीच मीटर उंचीच्या लाटा उसळल्याचे वृत्त होते. मोटारबोट जेथे टिकली नाही तेथे पॅडलबोर्डचा विचारच नको. सरोवरासाठी दिला जाणारा हवामान अंदाज आदल्या रात्री आणि पुन्हा निघताना पाहावा. वादळाची शक्यता वर्तवली असल्यास बेत रद्द करावा.

साधने व नियम

अमेरिकेच्या कायद्यानुसार कयाक व पॅडलबोर्ड ही जलवाहने मानली जातात. प्रत्येक व्यक्तीमागे तटरक्षक दलाने मान्य केलेले एक लाइफ जॅकेट सोबत असावे लागते आणि १३ वर्षांखालील मुलांनी ते अंगावर घालणे बंधनकारक आहे. आवाजाची खूण करण्यासाठी शिट्टी, तर अंधार पडल्यावर दिवा लागतो. प्रौढांनी जॅकेट सोबत ठेवले की कायद्याचे समाधान होते, पाण्याचे होत नाही. होडीच्या मागे दोरीने बांधलेले जॅकेट धाप लागलेल्या माणसाला पाण्यात घालता येत नाही. कमरपट्ट्यासारखे, ओढून फुगवायचे जॅकेट पॅडलबोर्डवाल्यांना आवडते. पण ते पाण्यात पडल्यावर फुगवून डोक्यातून घालावे लागते, हे ध्यानात ठेवावे.

पॅडलबोर्डला पायाशी जोडणारा दोर (लीश) असावा. माणूस पडला की वारा रिकामी फळी माणसाच्या पोहण्याच्या वेगाहून जलद वाहून नेतो. वाहत्या नदीत मात्र असा घोट्याचा दोर खडकात वा झाडात अडकून घातक ठरतो. कयाक उलटली तर तिला सोडू नये. तिच्यावर पुन्हा चढण्याचा सराव कमरेएवढ्या पाण्यात, निघण्यापूर्वीच करावा; हा सराव सहसा टाळला जातो, कारण त्यात पहिल्याच मिनिटाला भिजावे लागते.

कपडे सुती नसावेत, कारण भिजलेली सुती वस्त्रे ऊब देत नाहीत. पाणी थंड असण्याच्या काळात वेटसूट घालतात. उंचीबरोबर अतिनील किरणांची तीव्रता दर १,००० मीटरला सुमारे १० टक्क्यांनी वाढते. त्यामुळे टोपी, काळा चष्मा, सनस्क्रीन आणि पिण्याचे भरपूर पाणी लागते. समुद्रसपाटीवरून त्याच दिवशी आलेल्यांना थोड्या श्रमानेही दम लागतो. कोरडे कपडे व मोबाइल जलरोधक पिशवीत ठेवावेत. कोठून निघणार, कोठे जाणार व किती वाजता परतणार, हे किनाऱ्यावरील कोणाला तरी सांगून जावे. आणीबाणीत संपर्काचा क्रमांक ९११ आहे.

मार्ग

सरोवराभोवती सुमारे ११६ किलोमीटर लांबीचा 'लेक टाहो वॉटर ट्रेल' हा जलमार्ग आखलेला आहे. नवख्यांना ईशान्य किनाऱ्यावरील सँड हार्बरचा परिसर सोयीचा आहे. नैऋत्येकडील एमराल्ड बे या उपसागरात फॅनेट हे सरोवरातील एकमेव बेट आहे. १ फेब्रुवारी ते १५ जून या काळात हंसकुळातील पक्ष्यांच्या विणीसाठी बेटावर उतरण्यास मनाई असते. किनाऱ्यापासून ६०० फुटांच्या (सुमारे १८० मीटर) पट्ट्यात मोटारबोटींना वेगमर्यादा आहे, म्हणून वल्हवणाऱ्यांनी याच पट्ट्यात राहावे.

स्वच्छता

परक्या शिंपल्या व पाणवनस्पती यांचा प्रसार रोखण्यासाठी मोटारबोटींची तपासणी सक्तीची आहे. स्वतःची कयाक किंवा हवा भरायची फळी आणणाऱ्यांनी ती दुसऱ्या जलाशयातून आणताना धुऊन, आतले पाणी काढून पूर्ण वाळवलेली असावी. वल्ह्याची पोकळ दांडी, फळीची घडी आणि ओले बूट यांत राहिलेले पाणी बहुधा विसरले जाते.