कारागिराकडून झालेले मालमत्तेचे नुकसान

कामाला बोलावलेल्या प्लंबर, गवंडी, सुतार वा वायरमनच्या हातून घराचे किंवा घरातील वस्तूंचे अनवधानाने झालेले नुकसान व त्याच्या भरपाईचे दायित्व. भारतात ते संविदा कायदा, अपकृत्य विधीची तत्त्वे आणि ग्राहक संरक्षण कायदा यांतून ठरते.

नुसते नुकसान झाले म्हणून दायित्व येत नाही. कामात वाजवी काळजी घेतली होती का, हा कळीचा प्रश्न असतो. भिंतीतील नळाची चौकशी न करता ड्रिल चालवून तो फोडणे हा निष्काळजीपणा ठरू शकतो. मालकानेच चुकीची जागा दाखवली असेल, तर सारा दोष कारागिरावर टाकणे अन्यायाचे होईल. मदतनिसाच्या चुकीबद्दल त्याला कामावर ठेवणारा ठेकेदार जबाबदार असतो.

भारतीय संविदा कायदा, १८७२, कलम ७३ प्रमाणे करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारी हानी भरून मिळते; दूरची, अप्रत्यक्ष हानी नाही. तोटा आटोक्यात ठेवण्याचे कोणते उपाय हाताशी होते, हेही पाहिले जाते. म्हणून पाण्याचा मुख्य कॉक तत्काळ बंद करणे मालकाच्याही हिताचे. दुरुस्तीसाठी कारागिराकडे सोपवलेल्या वस्तूला निक्षेपाचे, म्हणजे वस्तू तात्पुरती दुसऱ्याच्या ताब्यात देण्याचे, नियम (कलम १५१, १५२) लागू होतात.

मोबदला देऊन घेतलेली सेवा सदोष असल्यास ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. पगारी घरगड्याची वैयक्तिक सेवा मात्र ग्राहक संरक्षण कायद्यातून वगळली आहे. छोट्या कामांत लेखी करार क्वचितच होतो, त्यामुळे पावती, संदेश व छायाचित्रे यांना पुरावा म्हणून मोठे मोल येते.